बंदी कशाला घालायची, कॉरिडॉर मोजा

अमेरिकेतल्या गर्भपाताच्या कायद्यांचा विषय निघाला की आपल्याकडे दोनच सालं ऐकू येतात, १९७३ आणि २०२२. सुप्रीम कोर्टाचा रो विरुद्ध वेडचा निकाल आला आणि हक्क मिळाला, डॉब्सचा निकाल आला आणि हक्क गेला, झालं, संपली गोष्ट. टेक्सासात कित्येक वर्षं राहिलेले आपले मराठी लोकही बऱ्याचदा एवढंच सांगतात. पण मिझुरी राज्याचे आकडे घ्या. २०१० साली त्या राज्यात सहा हजारांच्या वर गर्भपात झाले आणि २०२० साली १६७. छपाईची चूक नाहीये, एकशे सदुसष्टच. आणि या दोन्ही वर्षी रो विरुद्ध वेड जिवंत होता, सुप्रीम कोर्टाने काहीही काढून घेतलेलं नव्हतं, कागदावर जो हक्क न्यूयॉर्कमधल्या बाईला तोच मिझुरीतल्या बाईला. मग हे झालं कसं?

झालं असं की बाईला कुणी हातच लावला नाही, सगळे डॉक्टरच्या आणि बिल्डिंगच्या मागे लागले. २००५ मध्ये अट आली की गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला जवळच्या हॉस्पिटलमध्ये पेशंट भरती करायचा अधिकार पाहिजे. २००७ मध्ये आलं की क्लिनिकची इमारत छोट्या सर्जरी सेंटरच्या, म्हणजे ऑपरेशन करून त्याच दिवशी घरी सोडणाऱ्या जागेच्या, दर्जाची पाहिजे. २०१४ मध्ये पहिल्या भेटीनंतर ७२ तास थांबायची सक्ती आली, मग प्रत्येकवेळी दोन फेऱ्या, दोन रजा, दोनदा पेट्रोल. क्लिनिकं एकेक करून बंद पडली, २०१८ च्या शेवटी अख्ख्या राज्यात सेंट लुइसचं एकच उरलं, आणि २०१९ मध्ये त्याचंही लायसन्स राज्य सरकार रिन्यू करेना. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नदीपलीकडे इलिनॉयमध्ये, फेअरव्ह्यू हाइट्सला, मोठं नवीन क्लिनिक उघडलं. सेंट लुइसहून गाडीने थोडक्यात पोचता येतं. बायका तिकडे गेल्या. गर्भपात करून घेणाऱ्या बायका सहा हजारांवरून १६७ झाल्या असं कुणी समजू नये, मिझुरीच्या वहीतून त्यांची नावं गेली एवढंच.

या प्रकारच्या कायद्यांना तिकडे ट्रॅप लॉज म्हणतात, म्हणजे खास गर्भपात करणाऱ्या डॉक्टरांवर आणि क्लिनिकवर नेम धरून केलेले नियम. माझं म्हणणं सरळ आहे: या कायद्यांबद्दल मत बनवायचं असेल तर आज कुठल्या राज्यात काय चालतं असा रंगीत नकाशा बघून काही कळत नाही, ते तारखांसकट वाचावे लागतात. कायदा कधी पास झाला, कधी लागू झाला, कोर्टाने कधी थांबवला, कधी परत सुरू केला, आणि त्या मधल्या काळात किती क्लिनिकांना कुलूप लागलं. एकटा एकटा नियम वाचला तर प्रत्येक नियम शहाण्यासारखा वाटतो. ओळीने वाचले की हेतू दिसतो.

थोडं मागे जाऊ. रोच्या निकालातच एक फट होती. पहिल्या तीन महिन्यांत राज्याने मध्ये पडायचं नाही, पण त्यानंतर आईच्या तब्येतीसाठी नियम करायला हरकत नाही असं कोर्टाने म्हटलं होतं. त्याच दिवशी आलेल्या जॉर्जियाच्या केसमध्ये, डो विरुद्ध बोल्टनमध्ये, हॉस्पिटलची कमिटी पाहिजे, अजून दोन डॉक्टरांची संमती पाहिजे असल्या अटी कोर्टाने उडवल्या, आणि १९८३ मध्ये ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहराच्या केसमध्ये दुसऱ्या तिमाहीतले गर्भपात हॉस्पिटलमध्येच करायची सक्तीही उडवली. म्हणजे तब्येतीच्या नावाखाली काहीही खपवू नका हे कोर्ट सांगत होतं. पण १९९२ मध्ये केसी नावाच्या केसचा निकाल आला आणि मोजपट्टीच बदलली: बाईवर अवाजवी ओझं पडत नसेल तर राज्याला नियम करता येतात. आता ओझं अवाजवी आहे की वाजवी हे ठरवणार कोण, तर प्रत्येक वेळी एखादा न्यायाधीश, आणि तोही कायदा पास झाल्यावर. इथून पुढे सगळी लढाई मापांची झाली. कॉरिडॉर किती फूट, दार किती रुंद, हॉस्पिटल किती मैलांवर.

कॅन्ससमध्ये २०११ साली जे नियम आले त्यात सफाई कामगाराच्या कपाटाचा आकार होता आणि खोलीचं तापमान किती ते किती अंश असावं हेही होतं, आणि ते पाळायला क्लिनिकना जेमतेम काही आठवडे. कोर्टाने ते थांबवले, आणि राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो कायदा शेवटी रद्द केला २०२४ मध्ये, तेरा वर्षांनी. व्हर्जिनियामध्ये त्याच २०११ साली गर्भपात क्लिनिकना हॉस्पिटलच्या वर्गात टाकलं गेलं. नवीन हॉस्पिटल बांधताना जे बांधकामाचे नियम लागतात ते जुन्या इमारतींनाही लावायचे की नाही यावरून भांडण झालं, राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने, म्हणजे राज्याच्या मुख्य वकिलाने, केन कुचिनेली त्यांचं नाव, लावायचेच असं धरलं, आणि राज्याच्या आरोग्य आयुक्त डॉ. कॅरन रेम्ली यांनी ऑक्टोबर २०१२ मध्ये राजीनामा दिला. चहाच्या टपरीकडे फाइव्ह स्टार हॉटेलच्या किचनचं लायसन्स मागावं तसलाच हा प्रकार, फरक इतकाच की इथे टपरी बंद पडणं हाच उद्देश होता.

उद्देश होता हे मी कशावरून म्हणतोय? एक तर हे नियम गावोगावच्या आरोग्य अधिकाऱ्यांना अनुभवातून सुचलेले नव्हते. अमेरिकन्स युनायटेड फॉर लाइफ नावाची गर्भपातविरोधी संघटना तयार मसुदे छापून राज्यांच्या आमदारांना पुरवते, आणि नोव्हेंबर २०१० च्या निवडणुकीत बऱ्याच राज्यांची विधिमंडळं रिपब्लिकन पक्षाकडे गेल्यावर एकाच साच्यातले कायदे राज्यामागून राज्यात निघायला लागले. दुसरं म्हणजे ओहायो. तिथे आधीच नियम होता की क्लिनिकचा एखाद्या हॉस्पिटलशी लेखी करार पाहिजे, गरज पडली तर पेशंट तिकडे हलवायला. ठीक आहे, चालेल की. मग २०१३ च्या बजेट बिलात, बजेट बिलात बरं का, एक कलम घातलं की सरकारी हॉस्पिटलांनी असे करार करायचेच नाहीत. म्हणजे करार सक्तीचा, आणि करार करू शकणाऱ्यांपैकी एका मोठ्या गटाला बंदी. ही दोन कलमं वेगवेगळ्या वर्षांच्या वेगवेगळ्या पानांवर आहेत, फक्त आजचा नियम वाचणाऱ्याला ती साखळी दिसणारच नाही.

आता टेक्सास, कारण तिथे ही गोष्ट सगळ्यात उघड झाली. २००४ पासून तिथे १६ आठवड्यांपुढचा गर्भपात सर्जरी सेंटरमध्येच करायचा असा नियम लागला. राज्यातल्या एकाही गर्भपात क्लिनिककडे तेव्हा तसलं सेंटर नव्हतं. २००३ मध्ये १६ आठवड्यांपुढचे ३,६४२ गर्भपात झाले होते, २००४ मध्ये ४४६. या प्रयोगातून लोक जे शिकायचं ते शिकले आणि २०१३ मध्ये तोच नियम सगळ्यांना लावणारं बिल आलं. सिनेटर वेंडी डेव्हिस गुलाबी स्पोर्ट्स शूज घालून, अधिवेशनाची वेळ संपवायला, तासन्‌तास उभ्या राहून बोलल्या ते हेच बिल. त्या रात्री ते पडलं, पण पुढच्या महिन्यात परत खास अधिवेशन बोलावून पास केलं, हाउस बिल २ या नावाने, आणि गव्हर्नर रिक पेरी यांनी १८ जुलै २०१३ ला सही केली. दोन मुख्य अटी: ३० मैलांच्या आतल्या हॉस्पिटलात डॉक्टरला भरती करायचा अधिकार, आणि प्रत्येक क्लिनिक सर्जरी सेंटरच्या दर्जाचं. दुसरी अट नुसत्या गोळ्या देणाऱ्या जागेलाही लागू होती. गोळी आणि पाण्याचा ग्लास द्यायला ऑपरेशन थिएटर.

भरतीच्या अधिकाराची गंमत समजून घेण्यासारखी आहे. हॉस्पिटल हा अधिकार देताना बऱ्याच ठिकाणी विचारतं की वर्षाला किती पेशंट भरती करणार. आता गर्भपातानंतर भरती करायची वेळ इतकी क्वचित येते की डॉक्टर हा आकडा गाठूच शकत नाही. एल पासोच्या क्लिनिकने कोर्टात सांगितलं की दहा वर्षांत सतरा हजारांवर गर्भपात केले आणि एकालाही इमर्जन्सी म्हणून हॉस्पिटलात हलवावं लागलं नाही. म्हणजे डॉक्टर जितका चांगला तितका तो नापास. आणि तसंही १९८६ च्या केंद्रीय कायद्याने इमर्जन्सीत आलेल्या पेशंटला हॉस्पिटलने बघितलंच पाहिजे, त्याच्या डॉक्टरकडे अधिकार असो नसो. मग हा कागद कुणाला वाचवतो?

आता तारखा बघा. २८ ऑक्टोबर २०१३ ला फेडरल जज ली येकल यांनी भरतीच्या अधिकाराची अट थांबवली. ३१ ऑक्टोबरला वरच्या कोर्टाने ती परत लागू केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी क्लिनिकमध्ये अपॉइंटमेंट घेतलेल्या बायकांना फोन करून येऊ नका सांगावं लागलं. २ ऑक्टोबर २०१४ ला सर्जरी सेंटरची अट लागू झाली, एका रात्रीत राज्यात सात-आठ जागा उरल्या. १४ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने ती परत थांबवली. २७ जून २०१६ ला होल वुमन्स हेल्थ विरुद्ध हेलरस्टेटच्या निकालात ५ विरुद्ध ३ मतांनी दोन्ही अटी रद्द. आता कुणी विचारलं की २०१४ साली टेक्सासात सर्जरी सेंटरचा नियम होता का, तर उत्तर होता पण आणि नव्हता पण. वर्षाच्या रकान्यात हो किंवा नाही भरणाऱ्या तक्त्यात ते बारा दिवस गायब होतात. आणि ज्या बाईचा पंधरावा आठवडा त्या बारा दिवसांत पडला तिच्यासाठी तेच बारा दिवस सगळा कायदा होता.

निकाल लागला तोवर राज्यातली साधारण ४० क्लिनिकं २० च्या आसपास आली होती, आणि निकालानंतर बरीचशी उघडलीच नाहीत. का उघडतील? लीज गेलेलं, नर्सेस दुसरीकडे नोकरीला लागलेल्या, डॉक्टर राज्य सोडून गेलेला, मशीनं विकलेली, लायसन्ससाठी परत पहिल्यापासून अर्ज. कोर्टात कायदा हरला आणि जमिनीवर जिंकला. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण कायद्यांची यादी ठेवणारे लोक रद्द झालेला कायदा यादीतून पुसतात आणि आपण समजतो की परिस्थिती पूर्ववत झाली. नंतर २०१२ ते २०१४ चे आकडे तपासून अभ्यासकांनी दाखवलं की ज्या काउंटीपासून, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यापासून, जवळचं क्लिनिक शंभर मैल किंवा जास्त लांब गेलं तिथल्या गर्भपातांचं प्रमाण निम्म्यावर आलं. म्हणून कायद्याच्या तक्त्याशेजारी क्लिनिकच्या उघडण्या-मिटण्याच्या तारखांचा आणि अंतराचा तक्ता पाहिजेच पाहिजे.

दुसरी बाजू. सुरक्षिततेसाठी नियम नकोत का? पाहिजेत. फिलाडेल्फियात कर्मिट गॉस्नेल नावाच्या डॉक्टरचा दवाखाना म्हणजे नरक होता, फेब्रुवारी २०१० मध्ये धाड पडली तेव्हा पोलिसही हादरले, तिथे एका निर्वासित बाईचा जीव गेला होता, आणि २०१३ मध्ये त्याला तीन अर्भकांच्या खुनाबद्दल आणि त्या बाईच्या मृत्यूबद्दल दोषी ठरवलं गेलं. ट्रॅप कायद्यांचे समर्थक हे नाव घेतात आणि घेणारच. पण ग्रँड ज्युरीचा, म्हणजे आरोप ठेवायचे की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाचा, अहवाल काय सांगतो, तर पेनसिल्व्हेनियाच्या आरोग्य खात्याने १९९३ नंतर ती जागा तपासलीच नव्हती, तक्रारी येऊनसुद्धा. नियम होते, इन्स्पेक्टर गेला नाही. कॉरिडॉर दोन फूट जास्त रुंद असता तर गॉस्नेल सुधारला असता का? आणि गरीब, भाषा न येणाऱ्या बायका तिथे का जात होत्या हा प्रश्नही आहेच, स्वस्त पडायचं आणि दुसरीकडे विचारायचे ते प्रश्न तिथे कुणी विचारत नव्हतं. चांगली क्लिनिकं बंद केली की असल्या माणसांचा धंदा वाढतो.

आणि सुरक्षिततेचा मुद्दा खरा असता तर सगळ्यांना सारखा लावला असता. टेक्सासच्या केसमध्ये कोर्टाने नोंदवलंय की कोलोनोस्कोपीतला मृत्युदर गर्भपाताच्या दहापट आहे आणि बाळंतपणात मृत्यूची शक्यता चौदापट, तरी टेक्सासात सुईण घरी बाळंतपण करू शकते आणि कोलोनोस्कोपी साध्या दवाखान्यात होते. वर टेक्सासचे वकील म्हणाले की एल पासोच्या बायकांना काय अडचण आहे, शेजारी न्यू मेक्सिकोत क्लिनिक आहे की. न्यू मेक्सिकोत ही सर्जरी सेंटरची अट नव्हती! म्हणजे जी जागा टेक्सासात बाईसाठी धोकादायक तीच राज्याची सीमा ओलांडली की पुरेशी सुरक्षित. यावर अजून काय बोलायचं. २०१८ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमीज या वैज्ञानिक संस्थेनेही सगळा पुरावा चाळून सांगितलं की बहुतेक गर्भपात साध्या दवाखान्यात सुरक्षितपणे होतात.

इथे आपल्याकडचं थोडं आठवतंच. परळीचं प्रकरण २०१२ मध्ये गाजल्यावर महाराष्ट्रात गर्भलिंग निदानावर कडक कारवाई झाली, आणि व्हायलाच हवी होती, मुली मारल्या जात होत्या. पण त्याच झपाट्यात मेडिकलवाल्यांच्या मागे गोळ्यांच्या हिशोबाचा इतका ससेमिरा लागला की बऱ्याच दुकानांनी गर्भपाताच्या गोळ्या ठेवणंच सोडलं. आता त्या गोळ्या ज्या आठवड्यांत घेतात तेव्हा सोनोग्राफीत मुलगा की मुलगी दिसतच नाही. हेतू टेक्सासच्या अगदी उलट, बाईला मदत करायचा, तरी दुकानदाराने भीतीने जे केलं ते तसंच. म्हणून नियम कुणी कुठल्या मनाने केला एवढं बघून भागत नाही.

२०२० मध्ये लुइझियानाचा, टेक्सासच्या कायद्याची जवळपास नक्कल असलेला कायदाही सुप्रीम कोर्टात पडला. दोन वर्षांनी डॉब्स आला, आणि ज्या केसने सगळं संपवलं ती होती जॅक्सन, मिसिसिपीच्या त्या गुलाबी इमारतीतल्या क्लिनिकची, राज्यातलं शेवटचं. त्याच क्लिनिकवर २०१२ मध्ये भरतीच्या अधिकाराची अट घालून बघितली होती, ते कोर्टात अडकलं, मग १५ आठवड्यांची बंदी आणली. लोकांना वाटलं आता ट्रॅप कायद्यांचं काम संपलं, सरळ बंदी घालता येत असताना कॉरिडॉर कोण मोजतो. मलाही हा युक्तिवाद पटण्यासारखा वाटतो, गर्भपाताच्या निम्म्याहून जास्त केसेस आता गोळ्यांनी होतात, फोनवर सल्ला आणि पोस्टाने पाकीट, आणि डॉब्सनंतर २०२३ मध्ये देशातले एकूण गर्भपात घटायच्या ऐवजी दहा लाखांच्या वर गेले. लढाई आता पोस्टाच्या पाकिटावर आणि दुसऱ्या राज्यातल्या डॉक्टरवर सरकलीय हे खरंय.

पण वायोमिंगमध्ये काय झालं बघा. तिथल्या कोर्टाने बंदीचे कायदे रोखून धरले होते, तर फेब्रुवारी २०२५ मध्ये विधिमंडळाने क्लिनिक सर्जरी सेंटर असलं पाहिजे आणि डॉक्टरला १० मैलांत भरतीचा अधिकार पाहिजे असा कायदा केला. कॅस्परमधल्या, राज्यातल्या एकुलत्या एक प्रोसीजर करणाऱ्या क्लिनिकने तातडीने काम थांबवलं, एप्रिलमध्ये कोर्टाने तो कायदा रोखला तेव्हा परत सुरू झालं. ३० मैलांचे १० मैल, बाकी २०१३ चीच कॉपी.

उलट दिशेचीही नोंद ठेवायला हवी, नाहीतर आपण फक्त रडगाणं गातोय असं होईल. व्हर्जिनियाने ते बांधकामाचे नियम आधी सैल केले आणि २०२० मध्ये कायदाच काढून टाकला. मिशिगनमध्ये २०२२ ला लोकांनी मतदानाने घटनेत हक्क घातला आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये गव्हर्नर ग्रेचेन व्हिटमर यांच्या सहीने क्लिनिकवरचे असले जुने नियम रीतसर खोडले. तिथल्या आमदारांच्या ध्यानात आलं की हक्क लिहिणं आणि नियम खोडणं ही दोन कामं आहेत.

मिझुरीत पहिलं काम झालं आणि दुसरं राहिलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिथल्या मतदारांनी साधारण ५२ टक्क्यांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत घातला. आनंद झाला, आणि क्लिनिक उघडलं नाही. डिसेंबरमध्ये न्यायाधीशांनी बंदी थांबवली पण लायसन्सच्या अटी तशाच ठेवल्या, म्हणजे तीच जुनी यादी. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या अटीही थांबवल्या तेव्हा कुठे कॅन्सस सिटीत (हे शहर मिझुरीतलंच) सुरुवात झाली, मे महिन्याच्या शेवटी राज्याच्या सुप्रीम कोर्टाने तो आदेश मागे घ्यायला लावला, परत सगळं बंद, जुलैमध्ये परत चालू. त्या आठ महिन्यांत घटनेतलं हक्काचं कलम एका अक्षराने बदललं नाही.

याच राज्यात २०१९ च्या लायसन्स सुनावणीत आरोग्य खात्याच्या संचालकांनी साक्षीत सांगितलं होतं की खात्याने पेशंट बायकांच्या शेवटच्या पाळीच्या तारखांचा तक्ता करवून घेतला होता, कुठला गर्भपात फसला ते शोधायला. सरकारला तारखांची किंमत बरोबर कळते. मग लोकांनीही सरकारच्या तारखा तेवढ्याच बारकाईने मांडायला हव्यात, आणि त्या मांडताना नुसतं कायद्याचं नाव लिहून चालणार नाही, तर किती मैल, कुठल्या आठवड्यापासून, गोळीला लागू की फक्त सर्जरीला, जुन्या इमारतीला सूट आहे का, आणि लायसन्स देणारा अधिकारी कुणाच्या हाताखालचा, इतकं सगळं लिहावं लागतं, कारण टेक्सासची ३० मैलांची अट आणि वायोमिंगची १० मैलांची अट एकाच खान्यात टाकली तर त्या तक्त्याला काही अर्थ नाही. मिझुरीच्या विधिमंडळाने आता २०२४ चं कलमच काढून टाकायचा प्रश्न नोव्हेंबर २०२६ च्या मतपत्रिकेवर ठेवलाय. बातम्यांमध्ये फक्त टक्केवारी येईल. निकाल काहीही लागला तरी दुसऱ्या दिवशी बघायचं ते हे, की कॅन्सस सिटीतल्या त्या क्लिनिकवर लायसन्सच्या कुठल्या अटी त्या तारखेला लागू आहेत.